कॉफी कलरची पँट

मी घरातही शर्ट इन करून बसतो. रविवारी सुद्धा, लाइट गेलेली असताना सुद्धा. पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता माझी सही कोणाला लागत नाही, तरी सकाळी आंघोळ झाली की शर्ट आत, त्यावर पट्टा, आणि मगच पेपर हातात. बायको म्हणते, "अहो, पेपरवाला काय तुमची हजेरी लावून राहिलाय का?" तिचं बरोबर आहे. पण शर्ट बाहेर लोंबत असला की मला अर्धेच कपडे घातल्यासारखं वाटतं, त्याला मी तरी काय करू.

आता अशा माणसाच्या घरात आमच्या मुलासारखा मुलगा. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी धरली आणि वर्षातले सहा महिने नांदेडला घरी बसून कंपनीचं काम करतो. चार वर्षांपूर्वी तो इतक्या तंग पँटी घालायचा की काढताना पलंगावर बसून ओढाव्या लागत. तेव्हा मी ओरडलो होतो, की जरा मोकळं घालत जा. आता त्याच्या शर्टाचे खांदे कोपरापर्यंत उतरलेले असतात आणि पँटीत आम्ही बापलेक दोघंही मावू. असला एक शर्ट आणला तेव्हा मी म्हणालो, बदलून आण, माप चुकलंय. तो म्हणाला, "पप्पा, हेच माप आहे." मी त्यावरही ओरडलो. मग मला हवंय तरी काय, हे मलाच धड सांगता येईना.

यंदा मार्चमध्ये लातूरला बोलणी करायला जायचं ठरलं. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलेलंच होतं. राहिली होती ती आम्हा म्हाताऱ्यांची पहिली भेट. मुलीचे वडील रिटायर हेडमास्तर, आमच्यासारखंच बौद्ध कुटुंब, आमच्यासारखेच गावातून शहरात आलेले. माझ्या डोक्यात एकच होतं, की मुलगा सुटाबुटात त्यांच्या दारात उभा राहिला पाहिजे.

यात हौसेचा भाग कमी होता. आमच्या बैठकीतल्या फोटोत जो निळा कोट आहे, तो बघत मी वाढलो. गावी आमच्या घरात तेव्हा खुर्ची नव्हती, पण तो फोटो होता. माणसानं लोकांपुढं कसं उभं राहायचं, हे मला कोणत्याही मास्तराआधी त्या कोटानं शिकवलं. आमच्याकडं कपडा नुसता अंगावर घालायचा नसतो, हे मुलाला किती वेळा सांगितलं असेल. तो मान हलवतो आणि पायजम्यासारखी पँट घालून बाहेर पडतो.

मी वजिराबादेतल्या माझ्या जुन्या टेलरकडे गेलो. मुलाचं माप त्याच्या एका जुन्या सुटावरून दिलं. टेलर आता थकलाय, नवं शिवायचं काम त्याच्याकडं क्वचित येतं. मी पोराच्या कपड्यांचं गाऱ्हाणं सुरू केलं तर त्यानं टेप गळ्यात टाकून माझ्यापेक्षा मोठं गाऱ्हाणं काढलं.

"साहेब, इतकी वर्षं पोरांच्या पँटी बारीक करून दिल्या. आता तीच पोरं त्याच पँटी घेऊन येऊन राहिलेत. म्हणतात, चाचा, मोकळी करून द्या. आता कापून फेकलेला कपडा मी कुठून आणू?"

आम्ही दोघं हसलो खरे, पण दुकानातून उतरताना मला काही बरं वाटलं नाही. निळा सूट आठ दिवसांत तयार झाला. मुलानं तो हातात घेतला, कापडावरून हात फिरवला, "भारी आहे" म्हणाला आणि कपाटात टांगून ठेवला. मला वाटलं, झालं, पटलं.

जायच्या आदल्या दिवशी त्या सुटावर घालायला माझा जुना टाय शोधायचा म्हणून मी ट्रंक उघडली. टाय सापडला नाही. तळाशी डांबराच्या गोळ्यांसोबत एक पँट सापडली. कॉफी कलरची, टेरीकॉटची, पुढं दोन-दोन प्लेटी, वरती ढगळ आणि खाली घोट्याशी निमुळती. नोकरी लागल्यावर शिवलेली माझी पहिली पँट. मी ती झटकन परत आत कोंबणार होतो, पण तेवढ्यात मुलगा आला.

"पप्पा! ही कुठून घेतली?"

"घेतली नाही. शिवली. तुझ्या जन्माच्या आधी."

"असली पँट लोकं शोधून राहिलेत आता. दोन मिनिटं द्या."

दोन मिनिटांनी तो ती घालून बाहेर आला. कंबरेत नेमकी बसली होती. पाठमोरा तो मला इतका ओळखीचा वाटला की मी नजर दुसरीकडं वळवली. तो म्हणाला, "लातूरला हीच घालतो." मग घरात जे व्हायचं ते झालं. मी म्हणालो, लोक म्हणतील पोराला नवे कपडे घ्यायची ऐपत नाही. तो म्हणाला, लोक उलट विचारतील कुठून घेतली. मी म्हणालो, कोण लोक? तो म्हणाला, तुमचे कोण लोक? शेवटी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "बापाचंच घालून राहिलंय ना लेकरू, अजून काय पाहिजे तुम्हाला?" मी ट्रंक बंद केली. राग मात्र होता.

सकाळी निघालो तेव्हा तो सूट मी गुपचूप गाडीत हँगरला लावला. असू द्यावा, वेळेवर लागला तर. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, सूट मागच्या खिडकीशी डोलत होता. बायको त्याच्याशेजारी झोपली होती. मुलगा ती पँट आणि वर क्रीम कलरचा ढगळ शर्ट घालून गाडी चालवत होता. शर्ट अर्थातच बाहेर.

"पप्पा, ही पँट नवीकोरी कशी काय? घातलीच नाही का?"

मी म्हणालो, एकदाच घातली. आणि मग, कधी कोणाला न सांगितलेलं त्याला सांगून बसलो. पहिल्यांदा सुट्टी मिळाली तेव्हा हीच पँट, पांढरा शर्ट, इन केलेला, पट्टा, असा मी गावी निघालो होतो. आमचं गाव हिमायतनगरच्या पुढं. फाट्यावर एस.टी.तून उतरलो तर माय घ्यायला आलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढील. तर तिनं पुढं होऊन दोन्ही हातांनी माझा शर्ट पँटीतून उपसून बाहेर काढला. म्हणाली, "पारावरून जायचंय बाबा. असं साहेब होऊन नको जाऊ. लोकं बघतेत."

मुलानं गाणी बंद केली. म्हणाला, "अन् तुम्ही काढू दिला?"

"हाव. काढू दिला."

"पारावर कोण होतं मग?"

"कोणीच नव्हतं," मी म्हणालो. "उन्हाची वेळ होती. पार रिकामा होता."

चाकूर गेलं. सांगून हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, पण उलट लाज वाटत राहिली. चोवीस वर्षांचा घोडा, सरकारी नोकर, आणि आईला "नको" म्हणता आलं नाही. त्या दिवसानंतर ती पँट मी घातली नाही, आणि शर्ट पुन्हा कधी बाहेर ठेवला नाही.

लातूरला त्यांच्या दारापुढं गाडी लागली. बायको उतरून पदर सारखा करत पुढं गेली. मी सुटाकडं बघितलं, मुलानंही बघितलं. "पप्पा, लग्नात घालतो," तो हळूच म्हणाला, "आज नको." मी बरं म्हणालो. खरंच म्हणालो. आणि तो फाटकाकडं वळला तसा माझा हात आपोआप त्याच्या कंबरेला गेला. त्याच्या शर्टाचं टोक धरून मी ते पँटीत खोचायला लागलो. आत घरात खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, आता दार उघडेल म्हणून मी घाई करत होतो.

तो हलला नाही. हात बाजूला ठेवून उभा राहिला.

पुढची डावी बाजू आत गेली आणि मला एकदम दिसलं, की हाही मला करू देतोय. मायनं भिऊन बाहेर काढला होता, मी भिऊन आत खोचत होतो, आणि रस्त्यावर तेव्हाही कोणी नव्हतं, आताही कोणी नव्हतं. माझा हात तिथंच थांबला. पुढं खोचावं की खोचलेलं काढावं, मला काही कळेना.

कडी वाजली. मुलानं खाली वाकून बघितलं. शर्टाची एक बाजू आत, एक बाहेर. मी घाईनं काढायला गेलो तर त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या पप्पा. हे असंच घालतेत आता. अर्धं इन."

आणि तो तसाच पायऱ्या चढून आत गेला.

खरंच कोणी असं घालतं का, की त्यानं माझ्यासाठी ते तिथल्या तिथं जुळवलं, हे मला आजही माहीत नाही. कोणाला विचारणारही नाही.