आगीच्या नावानं टाकलेला पाइप

इमारतीतलं पाणी, वीज आणि वारा ही माझी आयुष्यभराची कामं. इमारत उभी करणारे वेगळे. आमचं काम भिंतींच्या आत चालतं आणि बिघडल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. पुढं मी बरीच हॉटेलं केली, जुन्या राजवाड्यांत नव्या पद्धतीची न्हाणीघरं बसवली, एका किल्ल्यात दगड न फोडता विजेच्या तारा फिरवल्या. पहिलं मोठं काम कोणतं, असं कुणी विचारलं की मी त्या किल्ल्याचं नाव सांगतो. ते खरं नाही. पहिलं काम चांदा जिल्ह्यातलं होतं आणि माझ्या सगळ्यांत जवळच्या मित्रानं ते मला दिलं होतं.

नागपूरला शिकताना आम्ही एका खोलीत राहत होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यानं मला पेज करून घातली, माझे कपडे धुतले, आणि घरी कळवू नको असं मी सांगितलं तर कळवलंही नाही. माझ्या लग्नात तो माझ्या वडिलांबरोबर पंगतीत वाढत फिरला होता. माझी आई त्याला थोरला म्हणायची. हे सांगतो ते अशासाठी की मी त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवला, असं नंतर लोक म्हणाले. आंधळा नव्हता तो. त्या विश्वासाला कारणं होती.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या. पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या जंगलात, एका मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका जमीनदाराची दगडी कोठी होती. गोंड राजांच्या काळातली म्हणत. परमुलखातल्या एका व्यापाऱ्यानं ती विकत घेतली आणि शिकारीला येणाऱ्या साहेबलोकांसाठी तिथं हॉटेल करायचं ठरवलं. कामाचा सगळा कारभार माझ्या मित्राकडं आला. त्यानं मला चांद्याला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "भिंती मी सांभाळतो. भिंतीच्या आतलं सगळं तुझं."

मला ती कोठी फार आवडली. जुन्या कारागिरांनी भिंतीत मातीच्या नळ्या बसवल्या होत्या. गच्चीवरच्या हौदात पाणी भरलं की ते आपोआप खालच्या हमामात उतरे. भिंतींच्या पोटातून वर जाणारे वाऱ्याचे पोकळ रस्ते होते. मे महिन्यात त्यांच्या तोंडाशी हात धरला तर हवा गार लागायची. मी ते सगळं साफ करून पुन्हा वापरात आणायचं ठरवलं. पाण्यासाठी मागच्या अंगणात एक जुनी विहीर होती. ती खाली खडक फोडून खोल केली तर हॉटेलला बारा महिने पुरेल, असा माझा हिशेब होता. तसा आराखडा मी केला आणि मित्रानं तो मान्य केला.

तलावाच्या दुसऱ्या अंगाला ढीवरांची वस्ती होती. पाच-पंचवीस घरं. पावसाळ्यात थोडा धान, एरवी मासे आणि शिंगाडे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी मी जेवायला जात असे, कारण आमच्या कामावरचा स्वयंपाकी तिखटाखेरीज काही जाणत नव्हता. तिला सगळे बाईच म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. तिचा नवरा वारला होता, मुलगा जाळं टाकायचा, आणि वस्तीत तिच्या शब्दाला मान होता. ती मला भाऊ म्हणायची. मी जेवत असताना समोर बसून जाळं विणायची आणि मधूनच म्हणायची, "भात घ्या न जी. लाजून काऊन राह्यले?"

पाइप यायला लागले तशी वस्तीत कुजबुज सुरू झाली. एक दिवस पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली सगळे जमले आणि मला बोलावलं. बाईच बोलली.

"भाऊ, तुमी तलावाले यंतर लावून राह्यले म्हंतेत. खरं हाये का?"

"नाही बाई. हॉटेलचं पाणी विहिरीचं. तलावाला हात लावणार नाही."

"नक्की?"

"मी सांगतो ना."

ती बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "भाऊनं सांगतलं. चला, उठा आता." लोक उठून गेले.

काही दिवसांनी मित्र माझ्या टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, "छत सगळं सागवानाचं आहे. उन्हाळ्यात जंगलात वणवे लागतात. एक ठिणगी उडाली तर विहिरीच्या पाण्यानं ही कोठी विझेल का?"

नव्हती विझणार. त्याचं बरोबर होतं, आणि हे मला आधी कसं सुचलं नाही याची मला लाज वाटली. आगीसाठी तलावातून एक वेगळी लाइन टाकायची, तिचं इंजिन वेगळं, आणि आग लागेल तेव्हाच ते सुरू करायचं, असं आम्ही ठरवलं. तोच पुढं म्हणाला, "वैशाखात तलाव आटतो. पाइपाचं तोंड सगळ्यांत खोल जागी ठेव. नाहीतर ऐन आगीत हवा ओढशील."

तेही बरोबरच होतं. तलावाच्या मध्याकडं एक डोह होता. बाकीचं पाणी आटलं तरी तिथं उरायचं, आणि तळ्यातले मोठे मासे उन्हाळाभर तिथं जाऊन राहायचे. पाऊस आला की त्यांचीच पिल्लं सगळ्या तलावभर व्हायची. त्यामुळं वस्तीतलं कुणी उन्हाळ्यात डोहात जाळं टाकत नसे. हे मला बाईनंच सांगितलं होतं.

मी पुन्हा वस्तीत गेलो. या वेळी समजवायला वेळ लागला. बाईचा मुलगा म्हणाला, "पाइप डोहात कायले पाह्यजे?" मी त्याला आग म्हणजे काय ते सांगितलं, त्यांच्याही घरांवर गवत होतं, वणवा त्यांनी माझ्याहून जास्त पाहिला होता. शेवटी मी म्हणालो, आग तुमच्या घरांना लागली तरी याच पाइपाचं पाणी येईल. ते त्यांना पटलं. पाइपाचं जाळीचं तोंड पाण्यात उतरवायला वस्तीतलेच गडी आले. त्यांनीच बुड्या मारून ते डोहात बसवलं.

नंतर मित्रानं मला मुंबईला पाठवलं. न्हाणीघरांचं सामान, पाणी तापवायचे बंब, दिव्यांच्या झुंबरांच्या तारा, सगळं निवडून आणायचं होतं. "विहीर खोदायचं मी बघतो," तो म्हणाला, "तू निवांत जा." परत आलो तेव्हा विहिरीवर नवं सिमेंटचं झाकण बसलं होतं. खोदाई झाली का, असं मी विचारलं. "झाली. खडक फोडला. उत्तम पाणी आहे. गच्चीच्या हौदापर्यंतची जोडणीही करून घेतली." माझ्या मनात झाकण उचलून पाहावं असं आलंही नाही. त्याच्या शब्दावर संशय घेऊन झाकण उचलायचं म्हणजे काय!

थंडीत हॉटेल सुरू झालं. मालक आले, पाहुणे आले, भिंतीतल्या वाऱ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी नागपूरला दुसऱ्या कामावर गेलो. जाताना बाईनं सुक्या माशांची पुरचुंडी बांधून दिली आणि बायकोला घेऊन या म्हणाली.

वैशाखात मी सहज गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. चांद्याला काम होतं, म्हटलं एकदा बघून यावं. मोटार जाई तिथून पुढं बैलगाडी केली. कोठी दिसायच्या आधीच इंजिनाची धडधड ऐकू आली. मी गाडीवाल्याला घाबरून विचारलं, "आग लागली का काय?"

तो हसला. "रोजच लागते जी."

मी गाडीतून उतरलो आणि पाळीवरून चालत गेलो. तलावाचा तळ भेगाळला होता, ते दरवर्षीचंच. पण डोहही उरला नव्हता. तिथं चिखलाचा एक काळा खळगा होता आणि त्यात माझ्या पाइपाचं तोंड अर्धं उघडं पडलं होतं. पाणी संपत आलं की इंजिन बंद करायचे, झिरपून थोडं जमलं की पुन्हा सुरू. भोवती मासे मरून पडले होते. मरळ, मांगूर, हाताएवढे जाड मासे, पोटं फुगलेली. कावळे आणि घारी आणि तो वास. वर कोठीच्या अंगणात विलायती गवताची हिरवळ होती आणि एक माळी तिच्यावर नळीनं पाणी मारत होता.

मी आधी विहिरीकडं गेलो. माळ्याला हाताशी घेऊन झाकण सरकवलं. आत कोठीच्या दुरुस्तीतला दगडमातीचा राबीट भरला होता, जवळजवळ काठापर्यंत. पाणी लागलेली विहीर कुणी अशी बुजवत नाही; खोदाई झालीच नव्हती.

मित्र त्याच्या खोलीत वाऱ्याच्या झरोक्याखाली बसला होता. मला बघून उठला, खांद्यावर हात ठेवला, सरबत सांगितलं. मी म्हणालो, "विहीर का बुजवली?"

तो पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "खडक फोडायला वर्ष गेलं असतं. मालक थांबायला तयार नव्हते."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू पाइप टाकला असतास?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं." तो अगदी सरळ बोलत होता, जणू मला समजेलच. "अरे, मी त्या लोकांकडं गेलो असतो तर त्यांनी मला पाळीवर उभं केलं नसतं. तू त्यांच्यात बसतोस, जेवतोस. तू सांगितलंस म्हणून त्यांनी ऐकलं. तुझ्याशिवाय हे काम झालंच नसतं, मी मालकांनाही तसं सांगितलंय."

हे त्यानं कौतुक म्हणून सांगितलं. त्याचा आवाज मला अजून आठवतो. आगीची काळजी, सागवानाचं छत, डोहाची खोल जागा, मुंबईचा प्रवास, सगळं त्यानं आधीच ठरवलेलं होतं आणि ते मी त्याच्यासाठी मन लावून केलं होतं. मी बाईच्या घरी जेवायला जायचो, तेही त्यानं कामाला लावलं होतं.

मी सरबत घेतलं नाही. कोठीतली हत्यारांची पेटी काढली, पाळीवर जाऊन इंजिन बंद केलं आणि पाइपाचे जोड सोडवायला लागलो. लोखंड तापून हात पोळत होते. वस्तीतून कुणी मदतीला आलं नाही. काही माणसं लांब उभी राहून बघत होती. जाळीचं तोंड मी चिखलातून ओढून काढलं आणि त्याची झडप दगडानं फोडली. मित्र वरून बघत होता. त्यानं मला अडवलं नाही. नंतर कळलं की त्यानं आठवड्याच्या आत चांद्याहून दुसरा फिटर आणून सगळं पुन्हा जोडलं.

चिखलानं भरलेल्या कपड्यांनीच मी बाईकडं गेलो. ती दारात बसली होती. अर्ध्या घरांना कड्या लागल्या होत्या. माणसं जाळी घेऊन वैनगंगेवर गेली होती, काही पोरं कोळशाच्या खाणीवर कामाला लागली होती, तिचा मुलगाही त्यांच्यात होता.

मी उभ्याउभ्याच सांगायला लागलो. मला माहीत नव्हतं, मलाही त्यानं फसवलं, माझा इतक्या वर्षांचा मित्र, आणि असंच काहीबाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. तिनं पाणी दिलं. कुठून आणलं असेल कोण जाणे.

"त्यानं तुमाले फसवलं, खरं हाये," ती म्हणाली. "आमाले नाई फसवलं त्यानं. तो आमचा कोन होता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. जे झालं ते तिनं बरोबर जागी ठेवलं होतं, आणि ती जागा माझीच होती. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं, तरी शब्द मी दिला होता. त्या दिवशी मला मित्राचा जेवढा संताप आला तेवढा ना आधी कधी कुणाचा आला, ना नंतर.

पावसाळ्यात तलाव भरला असं ऐकलं, पण मासे नव्हते. पुढं काही वर्षांनी वस्तीतल्या लोकांनी नदीतून माशांचं बीज आणून सोडलं, ते थोडंफार लागलं. हॉटेल फार चाललं नाही. रस्ता वाईट आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब. मालकानं ते सोडून दिलं.

मित्र मात्र चांगला मोठा झाला. माझे वडील गेले तेव्हा तो नागपूरला घरी आला, आईजवळ बसून रडला, तिसऱ्या दिवशीच्या सामानाची धावपळ त्यानंच केली. जाताना दारात मला म्हणाला, "एक जुना राजवाडा हातात आलाय. तुझ्यासारखा माणूस नाही दुसरा. येतोस?"

मी नाही म्हणालो. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "तू अजून ते धरून बसलायस?" त्यानं विचारलं आणि माझ्या उत्तरासाठी थांबला. मी आत गेलो. आईनं विचारलं, थोरला न जेवता का गेला? मी म्हणालो, त्याला घाई होती.