रिकामा किनारा

"लहानपणी मी इथे पेन्सिलीच्या खुणा बघितल्या होत्या. त्या कुठे गेल्या?"

टेबलापलीकडे नोएलानी उभ्या होत्या. वय सत्तरच्या पुढे. होनोलुलूहून व्हर्जिनियाला खास हा नकाशा बघायला आलेल्या. माझी बॉस कॅरल माझ्याकडे बघत होती.

मी पेपर कॉन्झर्व्हेटर आहे. जुने कागद स्वच्छ करायचे, फाटलेले सांधायचे आणि जे केलं ते रिपोर्टमध्ये लिहायचं. हवाईच्या किनाऱ्याचा हा नकाशा नोएलानींच्या आजोबांचा. हवाईयन माणूस, अमेरिकन नौदलात अधिकारी, मग राजकारणात. हवाई तेव्हा राज्य नव्हतं, अमेरिकेच्या ताब्यातली टेरिटरी होती. तिथल्या विधिमंडळात ते निवडून आले. अकरा वर्षांपूर्वी घरच्यांनी त्यांचे कागद आमच्या संग्रहाला दिले आणि नकाशा माझ्याकडे आला.

जहाजावर नकाशात मार्ग पेन्सिलीने आखतात आणि सफर संपली की खोडतात. नकाशा पुन्हा वापरायचा असतो. हे मला माहीत होतं, आणि तेवढंच नडलं. खुणा मला अर्धवट खोडलेले मार्गच वाटल्या. शुक्रवार होता, मुलीचं डान्स रिसायटल होतं. मी खोडरबराचा चुरा फिरवला. आधी फोटो काढायचा असतो, तो काढला नाही. सोमवारी तिथे अर्धं अक्षर दिसलं. मार्गाला अक्षरं नसतात. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'फक्त धूळ काढली.'

अकरा वर्षं कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा.

"मॅडम, त्याचं असं आहे..."

"आंटी म्हण. आमच्याकडे मोठ्या बाईला आंटीच म्हणतात."

"आमच्याकडेही," मी म्हणाले, आणि मग लपवणं जमेना. "आंटी, खुणा मी खोडल्या. रिपोर्ट खोटा आहे."

"काय?" कॅरल ओरडली.

आंटींनी शांतपणे विचारलं, "काय होतं तिथे?"

"मी नीट बघितलंच नाही."

"आजोबांनी हा किनारा नौदलाला द्यायला मत दिलं. सभागृहात म्हणाले, किनारा रिकामा आहे. तिथे आमच्या लोकांची मासळीची तळी होती, दगडी बांधांची. आई म्हणायची, त्यांना माहीत नव्हतं. मावशी म्हणायची, माहीत होतं. त्यावरून दोघी बोलेनाशा झाल्या, तशाच गेल्या."

पेन्सिल खोडली तरी टोकाचा दाब कागदात राहतो. मी खोलीतले दिवे मालवले आणि एक लहान दिवा कागदालगत आडवा धरला. पुसट कडा दिसली. गोल होता.

"एक," आंटी म्हणाल्या.

कॅरल संतापलेली होती, पण भिंग घेऊन तीही वाकली. "दिवा डावीकडे घे. अजून. हा बघ दुसरा!"

सात गोल निघाले, सात तळी. प्रत्येकाशेजारी एका घराण्याचं नाव. कोपऱ्यात सही, नौदलातल्या हुद्द्यासकट. म्हणजे मतदानाच्या आधीची.

"म्हणजे माहीत होतं. नावानिशी." आंटी खुर्चीत बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ते म्हणाले, किनारा रिकामा. तू म्हणालीस, फक्त धूळ. तुमचं दोघांचं छान जमलं असतं."

मी कॅमेरा आणून फोटो काढला.

"फोटोच्या दोन प्रती दे. एक मावशीच्या मुलीला पाठवते. तिची आई बरोबर होती, तिला कळू दे."

मी रिपोर्ट नव्याने लिहिला. वॉर्निंग लेटर मिळालं. सहा महिने माझं प्रत्येक काम कॅरलने तपासलं.

आता कितीही घाई असो, आधी फोटो. आणि 'फक्त धूळ' असं मी लिहीत नाही. खरोखर धूळ असली तरी.