धुरपताबाईंची पाऊण मशीन

धुरपताबाई मुनेश्वर यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. माझ्या दोन्ही काखांत हात घालून त्यांनी मला जमिनीपासून वीतभर उचललं आणि परत खाली ठेवलं. "हलकी हायेस पोरी," त्या म्हणाल्या, "पन लवचिक हाय. टिकशीन." तलमडुगूच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होण्याचा माझा तो पहिला दिवस. हेडमास्तर समोरच उभे होते, पण त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते बदलून आले तेव्हा बाईंनी त्यांनाही उचलायचा प्रयत्न केला होता, हे मला नंतर शिपायाकडून कळलं.

बाई शाळेत शिवणकाम शिकवायच्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पांढरी सुती साडी, आणि पदराला कायम दोन-चार सुया टोचलेल्या. आईवडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. बाईही लहानपणी त्यांच्याबरोबर ओझी वाहून मग शाळेत जायच्या. त्यामुळे वजन त्यांच्या हातालाच समजायचं. "वस्तूले आदी हातानं इचारा, मंग तोंडानं," असं त्या म्हणत. टरबूज, खुर्ची, दुसऱ्याचं मूल, काहीही आधी उचलून पाहायच्या. मुलासाठी सून पाहायला गेल्या तेव्हा मुलीला एक प्रश्न विचारला नाही. कोपऱ्यातलं तिचं दप्तर उचललं, ते जड लागलं, आणि तिथल्या तिथे होकार देऊन आल्या.

त्यांच्या हाताखाली मला वर्ष झालं असेल, तेवढ्यात त्यांच्या बदलीचा तेलुगू कागद आला. गाव बेज्जूर. म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, प्राणहितेच्या बाजूचं जंगल. आदिलाबादहून आसिफाबाद, तिथून कागजनगर, तिथून पुढे, असा दिवसभराचा प्रवास. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईला तिकडे पाठवू नये, म्हणून आम्ही सगळे अर्ज लिहायला बसलो. बाईंनी कागद काढून घेतला.

"काऊन थांबवता मले? तिथल्या पोरी पाचवीनंतर शाळेतच येत नाई म्हनते. आपली मशीन त्यांच्या दारात नेऊन ठेवतो ना. मंग पाहू कशा येत नाई ते."

अडचण मशीनचीच होती. बाईंची स्वतःची पायमशीन होती, लोखंडी सांगाड्याची, आणि ती दर बदलीला बसच्या टपावर चढायची. मागच्या वेळी जैनथच्या रस्त्यावर तिचं चाक निसटून शेतात गडगडत गेलं. आठवड्याने ते सापडलं तेव्हा शेतकऱ्याने विहिरीवर त्याचा रहाट केला होता. परत मागितलं तर तो म्हणाला, "बाई, पानी लय हलकं येते याच्यानं." बाईंनी दोन बादल्या ओढून पाहिल्या, त्याचं म्हणणं पटलं, आणि चाक तिथेच सोडून आल्या. तेव्हा आता त्यांना अशी मशीन हवी होती, जी एकटीने उचलता येईल, मांडीवर घेऊन बसमध्ये बसता येईल आणि कुणाच्याही ओसरीवर मांडता येईल.

एका शनिवारी त्या मला घेऊन आदिलाबादच्या बाजारात गेल्या. दुकानदार सेठ हिंदी बोलणारा, अत्यंत नम्र माणूस होता. त्याने आधी काळी, मोठी हातमशीन दाखवली. बाईंनी ती उचलली आणि सांगितलं, "सेठ, बस तक जाके आती हूँ." सेठला वाटलं थट्टा आहे. पण बाई खरोखरच मशीन घेऊन बसस्टँडकडे निघाल्या, मी मागे, सेठ दुकानाच्या पायरीवर. जाता-येता तीनदा थांबून मशीन खाली ठेवावी लागली. परत येऊन बाईंनी निकाल दिला. "ही मशीन नोहे, जावई हाय. दर दहा पावलांवर बसवा लागते."

दुसरी मशीन विजेवरची होती, सुटकेससारख्या डब्यात बसणारी, बदामी रंगाची. मला फार आवडली. बाईंनीही ती एका हाताने डोलवून पाहिली. मग विचारलं, "सेठ, करंट गया तो?"

"तो नहीं चलेगी, मॅडम."

"अन् करंट आलाच नाई तं?"

सेठने मशीन स्वतःच डब्यात घातली.

तिसरी अगदी चिमुकली निघाली, लहान मुलींनी शिकायला घ्यावी अशी. हाताने फिरवायची, एका धाग्याची, उशीएवढी. बाईंचा चेहरा खुलला. "हे पाय. हे माह्या मांडीवर जन्मल्यासारखी बसन." आणि पुन्हा, "बस तक जाके आती हूँ." या वेळी मात्र सेठने मला जाऊ दिलं नाही. स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी तारण होते हे मला चहा संपल्यावर कळलं.

अर्धा तास गेला, बाईंचा पत्ता नाही. सेठने हसत विचारलं, "मॅडम आपकी कौन लगती हैं?" तासाभराने त्याने हसणं थांबवलं आणि माझी छत्री उचलून गल्ल्यामागे ठेवली. दीड तासाने त्याने माझ्या वडिलांचं नाव विचारलं. माझ्या वडिलांचं त्याच बाजारात भांड्यांचं दुकान होतं. ते ऐकून त्याला जरा हायसं वाटलं आणि मला जास्तच लाज वाटली.

दोन तासांनी बाई आल्या. घडलं होतं ते असं. जैनथची बस उभी होती. मांडीचा अंदाज घ्यायला बाई आत जाऊन बसल्या. कंडक्टरच्या शर्टाचा खिसा एका बाजूने लोंबत होता. बाईंना फाटकं कापड पाहवत नसे. त्यांनी त्याला शर्ट काढायला लावलं आणि मशीन मांडीवर घेऊन खिसा शिवायला घेतला. तेवढ्यात बस निघाली. बाईंना वाटलं, खिसा होईपर्यंत जाऊ दे. शिवण सुंदर झाली. कंडक्टरने शर्ट घातला, खिशात शिट्टी ठेवली, सगळ्यांना खिसा दाखवला. मग एका म्हातारबाबांनी लोंबणारा एक धागा दिसला म्हणून सहज ओढला. एका धाग्याचीच शिवण ती. सरसर उसवत गेली आणि अख्खा खिसा बाबांच्या हातात आला. शिट्टी सीटखाली घरंगळली. ती सापडेपर्यंत बस थांबवायची कशी, म्हणून ज्याला वाटेत उतरायचं होतं तोही आणि बाईही थेट जैनथला पोचल्या.

"एकट्या धाग्याचं काई खरं नसते," त्यांनी चिमुकली मशीन सेठसमोर ठेवली. "एकानं ओढलं का सारंच गेलं. वरचा धागा पायजे, खालचा पायजे, दोघायनं एकमेकाले धरलं पायजे. बॉबिनवाली नाई का बारकी?"

सेठने हात जोडले. "मॅडम, आप दूसरी दुकान देखिए."

बाई उठल्या. बाहेर पडताना त्यांनी सवयीने, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून टेकवून ठेवलेली वस्तू उचलून पाहिली. उचलली ती खाली ठेवलीच नाही. धुळीचा थर पुसला तर आत काळी हातमशीन, पण पाऊण मापाची. झाकण हरवलेलं. बाईंनी पालथी करून पाहिली, खाली बॉबिन होती. हँडल फिरवलं, सुई खालीवर झाली.

"सेठ, ये कितने की?"

"वो बेचने की नहीं है, मॅडम. वो दरवाज़े की है."

"मंग दरवाज्याले मी दुसरं देतो." बाई रस्त्यावर गेल्या, दोन-तीन दगड हातात तोलून पाहिले आणि त्यातला एक आणून दाराला लावला. सेठने दार लोटून पाहिलं. हललं नाही. व्यवहार तिथेच ठरला, आणि माझी छत्रीही परत मिळाली.

झाकणासाठी आम्ही वडिलांच्या दुकानात गेलो. वडिलांनी पगडीवाल्याने डोक्यांवर पगड्या बसवून पाहाव्यात तसं एकेक भांडं मशीनवर पालथं घालून पाहिलं. शेवटी जर्मनचा एक मोठा गंज, म्हणजे उभट पातेलं, बरोबर बसला. हँडलपुरता काठ त्यांनी हातोडीने वाकवून दिला. ते सगळं फडक्यात बांधून बाई बेज्जूरला निघाल्या. बसमध्ये शेजारची बाई वाकून विचारू लागली, "एम कूर अम्मा?" म्हणजे आत भाजी कसली. बाई म्हणाल्या, "सुईची." ती बाई बराच वेळ विचार करत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. बसमधून उतरले तर समोरून येणाऱ्या बाईच्या ब्लाउजला एकच बाही. मला वाटलं गरिबी असेल. पुढे विहिरीवर तिघी, तिघींनाही एकेकच बाही. किराणा दुकानाची मालकीण दोन नाकपुड्यांत चमक्या घालून बसली होती, तिलाही एकच बाही. मला काही कळेना.

बाई एका ओसरीवर मशीन मांडून बसल्या होत्या. समोर पोचक्का नावाची, तावातावाने बोलणारी बाई आणि दाराआड तिची मुलगी लक्ष्मी. बाईंनी ब्लाउज शिवला, एक बाही जोडली, दुसरी घडी करून पिशवीत टाकली आणि मशीनवर गंज ठेवला.

"अन् ही बाही?" पोचक्काने विचारलं.

"ते शाळेत हाय. लक्ष्मी येऊन शिवन. मी नाई शिवनार."

"मी दुसरीकडं शिवून घेतो."

"घे ना. कागजनगरले जा, बाही घेऊन." पण बाही बाईंच्या पिशवीत होती.

संध्याकाळी तिथल्या शाळेचे हेडमास्तर आले, घामाघूम झालेले. "बाई, हे काय करून राह्यले तुमी? सरपंचाची बायको ग्रामसभेत एका बाहीनं आली."

"सर, एक बाही घरची, एक शाळेची," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिची नात कोन्त्या वर्गात हाय, इचारा तिले."

नात कुठल्याच वर्गात नव्हती. सुट्टी संपली त्या सोमवारी ती आली. गुरुवारी लक्ष्मी आली, आईची बाही शोधायला. ती शिवायला तिला पंधरा दिवस लागले, कारण बाई आधी तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या, मग सुईत धागा ओवू द्यायच्या. संक्रांतीपर्यंत गावातल्या बहुतेक बाया दोन बाह्यांवर आल्या होत्या आणि शिवणाच्या वर्गात बसायला सतरंजी अपुरी पडू लागली होती.

निवृत्तीनंतर बाई आदिलाबादला मुलाकडे परतल्याच नाहीत. मशीन त्यांनी कुणालाच दिली नाही आणि सगळ्यांनाच दिली. एकेक आठवडा एकेकीकडे, एक आठवडा स्वतःकडे. "एका घरी राह्यली का गंजते ती," म्हणायच्या, "अन् घरवालीबी."

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिली बस पकडली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्रिशरण झालं होतं, फोटोपुढे मेणबत्ती जळत होती, मुलगा आणि सून आलेल्यांना पाणी देत होते. ओसरीवर बायकांची दबक्या आवाजात कसलीशी तणातणी चालू होती. मला वाटलं दुःखाचं काही असेल. जवळ गेले तर भांडण मशीनच्या पाळीवरून होतं. किराणा दुकानाची मालकीण म्हणत होती माझी पाळी, दुसरी म्हणत होती तिने मागच्या वेळी तीन दिवस जास्त ठेवली. मला राग आला. मी काही बोलणार, तेवढ्यात लक्ष्मी पुढे झाली. ती आता त्याच शाळेत शिवण शिकवत होती.

"भांडू नका," ती म्हणाली. "हा हप्ता बाईचा व्हता. शनिवारपर्यंत बाईचाच हाय."

मालकिणीने पदराने मशीन पुसली आणि ती उचलून बाईंच्या फोटोशेजारी नेऊन ठेवली.