वगळलेले नऊ नमुने

दिपा वाघे माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. एखादी गोष्ट पटली नाही की वही मिटायची आणि मी विचारेपर्यंत माझ्याकडे नुसती बघत राहायची. मी पनवेलच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. तिच्यासारखा स्थिर हात त्या काळात दोन-तीनच मुलांचा पाहिला. म्हणूनच पुढे कोणी तिच्या हाताला नावं ठेवली हे ऐकलं, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक उठली. ती अजून गेलेली नाही.

नेरे गावाच्या पुढे डोंगराखाली तिची कातकरी वाडी. आईवडील, बुधी आणि शुक्रा, वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर. दिपा आश्रमशाळेत वाढली, बीएस्सी झाली आणि कळंबोलीच्या पलीकडे रोग ओळखायची किट बनवणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागली. रोडपालीला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. रविवारी वाडीवर जाताना वाटेत माझ्याकडे डोकवायची.

कंपनी लेप्टोचं किट बनवत होती. भाताच्या चिखलात उतरणाऱ्यांना होणारा हा ताप. तो लवकर ओळखता आला तर माणूस वाचतो. दिपाला या कामाचं अप्रूप होतं. तिच्या वाडीतले लोकच तर चिखलात उतरतात.

चाचणी मी तिच्याच शब्दांत सांगते. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव बारके खड्डे असतात. खड्ड्याच्या तळाशी सशाच्या रक्तातून शुद्ध केलेली अँटिबॉडी बसवायची. ती लेप्टोचं प्रथिन तेवढं पकडते. त्यावर माणसाचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारा पातळ भाग, घालायचा आणि वर रंग आणणारी दुसरी अँटिबॉडी. प्रथिन सापडलं तर खड्डा पिवळा होतो. पण प्रत्येक नमुन्यासाठी शेजारी आणखी एक खड्डा ठेवायचा. त्यात सशाचीच, तेवढीच शुद्ध केलेली, पण लेप्टोशी काही संबंध नसलेली साधी अँटिबॉडी. तिथे रंग येता कामा नये. याला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात.

वाडीत समजावताना ती म्हणायची, "हा बिनआमिषाचा गळ हाय. त्याला कायतरी लागला, तर तो मासा नाय, शेवाळ हाय असा समजायचा."

निरोगी माणसांचे नमुने हवे होते, म्हणून कंपनीने दिपालाच वाड्यांवर पाठवलं. दुसऱ्या कोणाला लोकांनी रक्त द्यायला दंड पुढे केला नसता. तिने घरोघरी बसून कशासाठी रक्त घेतोय ते सांगितलं, संमतीच्या कागदांवर सह्या-अंगठे घेतले आणि एकेचाळीस नमुने आणले. त्यात तिची आई होती. तिचा चुलतभाऊ अंकुशही होता. शहरातले साठ नमुने कंपनीकडे आधीच होते.

शहरातल्या साठांपैकी एकाचाही खड्डा पिवळा झाला नाही. वाडीच्या एकेचाळीसांपैकी नऊ जणांचे झाले, लेप्टोचाही आणि शेजारचा कंट्रोलचाही. त्या नऊ जणांना ना ताप होता, ना काही दुखत होतं.

दिपा विभागप्रमुखांकडे गेली. डॉक्टर विश्वजीत परदेशातून शिकून आलेले, बोलायला गोड. त्यांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "धुताना चूक झाली असेल. तुझा हात बसलेला नाही अजून."

तिने पुन्हा केलं. नवी प्लेट, कंट्रोलची नवी बाटली. तेच नऊ. तिसऱ्यांदा नमुन्यांचे क्रमांक झाकून ती प्लेट तिने हेतल म्हात्रे या सहकारी मुलीकडून करून घेतली. तेच नऊ. मग ती वाचत बसली. जनावरांमध्ये वावरणाऱ्या माणसांच्या रक्तात कधीकधी अशी द्रव्यं असतात, जी सशाच्या कुठल्याही अँटिबॉडीला चिकटतात आणि रंगाच्या अँटिबॉडीलाही धरून ठेवतात. मधे लेप्टो नसला तरी पूल तयार होतो. तिने सीरममध्ये सशाची साधी अँटिबॉडी भरपूर मिसळून पाहिली, म्हणजे ती द्रव्यं आधी तिच्यातच गुंतून पडतील. नऊच्या नऊ पिवळे खड्डे पांढरे झाले.

म्हणजे किटचा रोगही कळला आणि औषधही सापडलं होतं. तेही वाडीतल्या मुलीला, कोणी न सांगता.

विश्वजीत म्हणाले, "किटचा फॉर्म्युला आता बदलता येणार नाही. पावसाळ्याआधी बाहेर काढायचंय. ते नऊ वगळ."

"कुठल्या कारणानं वगळू, सर?"

"नमुना खराब, असं लिही. वाडीवरच्या लोकांची रक्तं असतातच तशी. आणि कंट्रोलची रांगही अहवालात नको. विकायच्या किटमध्ये कुठे कंट्रोल असतो?"

"सर, हे किट त्याच लोकांसाठी आहे ना?"

"दिपा, तू तंत्रज्ञ आहेस. सांगितलं तेवढं कर."

तिने केलं नाही. प्रयोगवहीत तिन्ही वेळचे आणि उपायाचेही आकडे लिहिले, तारीख घातली, सही केली. अहवाल दुसऱ्या कोणीतरी लिहिला. त्यात वाडीचे नमुने बत्तीस होते आणि सगळे स्वच्छ होते. दिपाला बाटल्या धुण्याच्या आणि साठा मोजण्याच्या कामावर टाकलं.

हे मला सांगताना तिचा आवाज चढला नाही. चढला माझा. मी म्हटलं, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "मॅडम, मी सोडली तर ती वही कोण सांभाळणार?"

जुलैमध्ये अंकुश आजारी पडला. भातलावणीवरून आला तोच थंडी वाजून. ज्या खासगी दवाखान्यात त्याला नेलं, तिथे कंपनीने वापरून बघायला किट दिली होती. किट पिवळं आलं. डॉक्टरांनी लेप्टोची इंजेक्शनं सुरू केली आणि कारण सापडलंय म्हणून मलेरियाची स्लाइड काही पाहिली नाही. चौथ्या दिवशी अंकुश बरळायला लागला, माणसं ओळखेना. पनवेलला मोठ्या इस्पितळात आणला तेव्हा रक्तात मलेरिया खचाखच भरलेला. अकरा दिवस तो तिथे होता. वाचला, पण डोंगर चढताना अजून मधेच बसतो. अंकुश त्या नऊ जणांतला होता.

त्याला पनवेलला हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी दिपा वही घेऊन चारुता गोखले यांच्यासमोर उभी राहिली. चारुताबाई कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. त्यांनी पानं चाळली.

"ही वही आधी का नाही दाखवलीस?"

"आधी दाखवली असती तर माझा हात बसलेला नाही, असंच तुम्हालाही सांगितलं असतं."

चारुताबाईंनी ते नऊ नमुने शीतपेटीतून काढायला लावले आणि दिपाला आपल्यासमोर प्लेट करायला सांगितलं. कंट्रोलचे खड्डे पिवळे होताना त्या शेजारी उभ्या होत्या. महिन्याच्या आत दवाखान्यांतून किट परत मागवलं गेलं. पत्रात लिहिलं होतं, तांत्रिक कारणास्तव. अंकुशचं नाव नाही, वाडीचं नाव नाही, कोणाची माफी नाही.

विश्वजीतांना काही झालं नाही. पुढच्या वर्षी सुधारित किट निघालं, दिपाच्याच उपायाने. एका परिषदेत त्यांनी त्यावर भाषण केलं. पडद्यावर दिपाने काढलेला आलेख होता आणि खाली पाच नावं होती. त्यांत तिचं नव्हतं. हेतलने फोटो काढून पाठवला, तो दिपाने मला दाखवला. मी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

दिपाने वाडीला मात्र सगळं सांगितलं. मी त्या दिवशी तिथे होते. समाजमंदिराच्या ओट्यावर तीसेक माणसं बसली होती. रक्त कसं तपासलं, काय वगळलं, काय लिहिलं, काही लपवलं नाही. तिची आई बुधी म्हणाली, "आमचा रगत खराब हाय, असा लिवला त्यानं?"

"लिवला, आये."

"आन तू तितंच काम करतेस?"

"करते. पण आता नवे नमुने घ्यायचे झाले तर माझी सही लागते. चारुता मॅडमनी तसा नियम केलाय."

बुधीने पदराने तोंड पुसलं. "मंग मराठीत कागद बनव. आमी रगत दिला, तर त्याचा काय झाला ता आमाला येऊन सांगायचा. एक पन वगळायचा नाय. मंजूर नसंल तर दंड मिळनार नाय."

दिपाने तिथेच ओट्यावर बसून तो कागद लिहिला. दोन महिन्यांनी कंपनीने मुकाट्याने तो मान्य केला. त्यावर पहिला अंगठा बुधीचा आहे.