चांदी न धरलेली चादर

बोटमास्तर माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक त्याला नाही नाही ते बोलतात, आणि बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कापडाची गिरणी आतून पाहिलेलीसुद्धा नसते. एकतीस वर्षं तो फिनिशिंग खात्यात होता. चालत्या मशीनवरचं कापड अंगठा आणि दोन बोटांत धरून तो सांगायचा, "अजून ओलं आहे, वेग उतरवा," आणि मीटर मागाहून तेच सांगायचा. म्हणून नाव बोटमास्तर. मीटरचं आणि त्याचं जुळलं नाही, तर लोक मीटर दुरुस्तीला पाठवत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना खात्यात नवं काम आलं. दवाखान्याच्या सुती चादरींना चांदी पाजायची. चांदी म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण, पाण्यात सोडलेले, आणि सोबत एक चिकट द्रव. त्या पाण्यात बुडालेलं कापड दोन रोलरमधून पिळून निघे, वाळे आणि मग दीडशे डिग्रीच्या भट्टीतून तीन मिनिटं जाई. त्या तीन मिनिटांत चिकट द्रव पक्का होऊन कण धाग्याला धरून बसत. मग पन्नास धुलाया झाल्या तरी या चादरीवर जंतू टिकत नाहीत, असं चादरीच्या पट्टीवर छापलेलं होतं.

पहिला लॉट निघाला तो पिवळसर. गिऱ्हाइकाने परत पाठवला. दवाखान्याची चादर पांढरीच हवी, पिवळी चादर पाहून माणूस अर्धा तिथेच मरतो, असा निरोप आला. मॅनेजर तणतणत खात्यात आला. मास्तरने शांतपणे ऐकून घेतलं आणि कुठलाही जुना फिनिशर करतो तेच केलं. आच एकशे वीसवर आणली, वेग वाढवला. खळीच्या आणि मऊपणाच्या कामात हे शंभर वेळा झालं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. वहीत मात्र त्याने नेहमीसारखं दीडशे लिहिलं. वहीत कागदावरचा आकडा लिहायचा आणि भट्टीत हाताला पटेल तो, ही त्या खात्याची रीतच होती.

माल दुधासारखा पांढरा निघाला. लॅबने तुकडा तपासला, तोही पास झाला. होणारच होता. न धरलेली मोकळी चांदी सुरुवातीला उलट जास्तच जोरात काम करते. हे मास्तरला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याने विचारलंही नव्हतं. त्यानंतरचे सगळे लॉट एकशे वीसवर निघाले.

पाच महिन्यांनी त्याच्या बायकोच्या पायावर उकळत्या पाण्याचं पातेलं पडलं. मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी सोलून निघाली. तिला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं. तिच्या उशाशी बसलेल्या मास्तरचा हात सवयीने चादरीवर गेला आणि काठावरची आपल्या गिरणीची निळी रेघ पाहून त्याचा ऊर भरून आला.

"अगं, ही आपली चादर आहे," तो म्हणाला. "माझ्या मशीनवरची."

ती वेदनेतही हसली. "मग मला काय होतंय?"

चादर बदलायची म्हणजे तिला कुशीवर वळवायचं, आणि वळवलं की ती अशी किंचाळायची की मास्तर बाहेर पळायचा. या चादरी आल्यापासून वॉर्डातला रोजचा बदल बंद होऊन तिसऱ्या दिवसावर गेला होता. पण तिसरा दिवस उजाडला तेव्हा मास्तर सिस्टरच्या आडवा उभा राहिला.

"सिस्टर, हिला उगाच हलवू नका. ही चादर स्वतःच जंतू मारते. मी केलीय, मला विचारा."

"काका, नियम आहे."

"नियम साध्या चादरीचा आहे हो."

बायकोनेही त्याचीच री ओढली. "राहू द्या ना सिस्टर. माझ्या माणसाच्या हातचं आहे." वॉर्डात पेशंट तीस आणि सिस्टर दोन. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली. पाचव्या दिवशीही बायको स्वतःच नको म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी लॅबवाली मास्तरला शोधत भट्टीपाशी आली. तिच्या हातात दोन काचेच्या बशा होत्या. एकीत कापडाच्या तुकड्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ गोल कडं होतं. दुसरीत तुकड्याच्या अंगावरसुद्धा बुरशीसारखा पिवळा थर चढला होता.

"एकाच ताक्याचे आहेत, मास्तर. हा कोरा. हा दहा धुलायांनंतरचा. आजवर आपण धुतलेला तुकडा तपासलाच नव्हता."

"मग पाणी खराब असेल."

"पाणी बरोबर आहे. चांदी धरलीच नाही. भट्टी कितीवर होती?"

"वहीत बघ."

"वही बघूनच आलेय. तुम्हाला विचारतेय."

मास्तरने दुसऱ्या बशीकडे पाहिलं. वॉर्डातल्या चादरी किती वेळा धुतल्या असतील, याचा हिशेब करायचीही गरज नव्हती. "एकशे वीस," तो म्हणाला. "सगळे लॉट." आणि मशीन चालू ठेवून, पायातल्या खात्याच्या चपला न बदलता, तो निघाला.

रस्ताभर तो स्वतःला बजावत होता की अजून काही बिघडलं नसेल. वॉर्डात शिरला तेव्हा बायकोचे डोळे तापाने चकाकत होते आणि ओठ कोरडे पडले होते. सकाळपासून एकशे तीन ताप, आणि डॉक्टर खाटेपाशी वाकून पट्टी सोडत होता.

"चादर काढा," मास्तर दारातूनच ओरडला. "सगळ्यांच्याच काढा!"

सिस्टर दचकून वळली. बायकोने हात किंचित वर केला. "अहो, असं काय करता? राहू द्या ना, तुमचीच आहे."

आता बोलावं लागणार होतं, तेही तीस खाटांच्या देखत. मास्तर खाटेपाशी आला. "चादरीत काही नाही," तो म्हणाला. "पहिल्या काही धुलायांतच सगळं वाहून गेलं. पांढरी निघावी म्हणून मी आच कमी ठेवली, आणि वहीत खोटं लिहिलं. मीच तुला तिच्यावर सहा दिवस निजवलं."

डॉक्टर पट्टी सोडतच राहिला. पट्टीचा शेवटचा पदर सुटला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने नाकाला पदर लावला.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"परवापासून वास येत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, चादरीला लावलेल्या तुमच्या औषधाचाच असेल. म्हणून मी कुणाला बोलले नाही."