जाकिटाचा आतला खिसा

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत, पन्नाशीच्या एक बाई वाडग्यात उलटी कालवत आहेत. भिजवलेली बिस्किटं, उकडलेल्या गाजराचे तुकडे, थोडं ताक, वासासाठी व्हिनेगर. चमचा उचलून त्या दाटपणा बघतात आणि आणखी एक बिस्किट कुस्करतात.

"अहो, माझा चहा व्हायचाय अजून," वॉर्डातल्या मावशी दारातून म्हणतात.

"मग डोळे मिटून प्या."

"आणि नाक कशानं मिटू?"

बाई बालमानसतज्ज्ञ आहेत. मुलांच्या मनात ठाण मांडून बसलेली भीती ओळखायची आणि कमी करायची, हे त्यांचं काम. सध्या मावशी त्यांना पाठीमागे उलटीबाई म्हणतात. त्याआधी त्या कुत्रेबाई होत्या, कारण एका मुलासाठी त्यांनी खोलीत खरोखरचं कुत्रं आणलं होतं. बाईंना दोन्ही नावं ठाऊक आहेत.

आजचं वाडगं एका बारा वर्षांच्या मुलीसाठी आहे. तिच्या शेजारच्या बाकावरची मुलगी भर वर्गात ओकली, तेव्हापासून हिला रोज सकाळी पोटात ढवळायला लागलं. आधी डबा बंद झाला, मग शाळेची बस, मग शाळाच. पोटाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं.

"सगळे म्हणतात काही नाही," पहिल्या भेटीत ती फणकारली होती. "मग मला होतं ते काय?"

"खूप काही आहे," बाई म्हणाल्या होत्या. "फक्त ते पोटात नाही."

बाई आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग आईवडिलांशी, मग फोनवर वर्गशिक्षिकेशी. कुणी छळतं का, झोप लागते का, मन उदास असतं का, बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडलंय का, हे सगळं त्यांनी विचारलं. "का घाबरतेस?" हे मात्र विचारलं नाही. ते मुलांनाही माहीत नसतं. त्याऐवजी त्या विचारत राहिल्या, "बरं, मग पुढे काय होईल?" दर वेळी उत्तर एकच येई. उलटी होईल.

मग शिडी सुरू झाली. भीतीच्या गोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत लावायच्या आणि एकेका पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. मुलीने 'ओकारी' हा शब्द आधी पुटपुटला, नंतर इतक्या जोरात ओरडून दाखवला की शेजारच्या खोलीतला पेशंट बघायला आला. चित्रं झाली, आवाज झाले. शाळेच्या फाटकापाशी मात्र गाडं अडलं. बाईंना वाटलं पायरी फार उंच झाली. त्यांनी मधे दोन छोट्या पायऱ्या घातल्या, तरी ती फाटकातून आत जाईना. शाळेने आता सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत वर्गात बसली नाही तर हे वर्ष पुन्हा. आज गुरुवार होता.

मुलगी गणवेशावर जाकीट घालून आली. बरोबर वडील. ते टेलर, घराखालीच दुकान. तिने वाडग्यात डोकावून नाक मुरडलं.

"ताई, गाजर जास्त झालंय."

"ओकणाऱ्याने जास्त खाल्लं असणार. भीती किती, दहापैकी?"

"आठ."

तिने वाडगं उचललं आणि तोंडाने घाण आवाज काढत बेसिनमध्ये ओतलं. वास सुटला. ती हलली नाही. आकडा सहावर आला, मग चारवर. बाईंचं लक्ष मात्र तिच्या डाव्या हातावर होतं. तो सारखा जाकिटाच्या आत जात होता.

"काय आहे तिथे?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडील स्वतःच्या बाहीवरचा दोरा काढण्यात गढून गेले.

"मास्तर?"

"खिसा आहे," ते म्हणाले. "आतून प्लास्टिकचं अस्तर लावलंय. उलटी झालीच तर पटकन त्यात धरता यावी म्हणून." आणि राहवलं नाही म्हणून पुढे, "बाहेरून टाका दिसत नाही."

बाईंनी जाकीट उलटून पाहिलं. "काम झकास आहे. पण हा खिसा तिला रोज सकाळी सांगतो, आज होणार."

"मग मी काय करायचं होतं, मॅडम? लेकरू रडतंय आणि माझ्या हातात सुई. दुसरं येतं काय मला?"

"चूक माझीही आहे. मी सगळं विचारलं, कपड्यांचं विचारलं नाही."

"पण ताई, खिसा नसला आणि झाली तर?" मुलगी म्हणाली.

"तर जमिनीवर पडेल. कुणीतरी पुसेल."

"आम्ही काय रोज अत्तर पुसतो का?" मावशी दारातून म्हणाल्या.

"मुली हसतील."

"हसतील. वर्गात ओकली त्या मुलीला अजून कोण हसतंय?"

"कुणी नाही. ती आता मॉनिटर आहे."

वडिलांनी खिशातून छोटी कात्री काढली. बाईंनी ती त्यांच्या हातून घेऊन मुलीला दिली.

"नऊ," मुलगी म्हणाली आणि पहिला टाका कापला.

"अगं ठमे, हळू! उसवायचं असतं, फाडायचं नसतं," वडील कळवळले.

अस्तर सुटलं तेव्हा ती पाचवर होती. "शून्य होऊ दे, मग जाते शाळेत."

"शून्याची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील. पाच पुरे."

मधल्या सुट्टीनंतर तिघं फाटकाशी पोहोचली. मुलीने रिकामं जाकीट दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि आत गेली. वडील तिच्या वर्गाच्या खिडकीकडे निघाले होते. बाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि घरी काय बोलायचं ते समजावलं. 'नाही होणार गं उलटी' हे आईवडिलांनी बंद करायचं. तिने विचारलं तर म्हणायचं, माहीत नाही, बघू.

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला खिसा शिवण्यापेक्षा अवघड जाईल."

शाळा सुटल्यावर मुलगी बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"ढवळलं," ती म्हणाली. "मग गेलं. आपोआपच."

"बाबा, दुसऱ्या जाकिटाचाही खिसा काढा," असं म्हणत ती पुढे चालू लागली. वडिलांनी मान डोलावली.

उद्या पहिल्या तासापासून बसायचं; शाळा पावणेआठला भरते. शुक्रवारी पहिला तास भूगोलाचा असतो.