पांगाऱ्याची जागा

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यातला मंगळवार, सकाळचे सव्वासात. वीर स्थानकाबाहेर मी रिक्षा थांब्याचा फलक रंगवत होतो. कोपऱ्यात शोभेसाठी हिरवीगार वेल काढली होती. गाडीतून उतरलेल्या एक बाई काखेत कॅनव्हास घेऊन मागे उभ्या राहिल्या. "या दिवसांत इतकं हिरवं कुठं पाहिलंस रे?" समोरचा डोंगर वाळून पिवळा पडला होता. विमलताई साळवींची ही पहिली भेट. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे त्यांच्या पोलादपूरच्या पडवीत, दर रविवारी झाले.

ज्या ऋतूचे चित्र, ते त्याच ऋतूत आणि जागेवर बसूनच काढायचे, ही ताईंची शिस्त. ऋतू सरला की कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवतात, तो पुढच्या वर्षापर्यंत. आंबेनळी घाटातल्या धुक्याच्या एका चित्राला त्यांना कित्येक पावसाळे लागले. फोटोवरून काढा, असे कुणी सुचवले की म्हणतात, "फोटोत बसून घाम येत नाही."

महाडात पुराचे पाणी शिरले तेव्हा माझे सगळे रंग वाहून गेले. ताईंनी आपली प्रत्येक ट्यूब मलमाच्या रिकाम्या डब्यांत अर्धी पिळून मला दिली. "पांढरा जपून वापर, तो आधी संपतो," एवढेच बोलल्या.

महाड शहरातल्या एका खाजगी बागेचे चित्र त्या अनेक वर्षे शिमग्याच्या सुमारास काढत होत्या. आंब्याचा मोहर झाला, विहीर झाली, सुके गवत झाले. मधला पांगारा शेवटी ठेवला होता. लाल आधी लावला की बाकीचे रंग त्याच्या पुढे पुढे करतात, असे त्या सांगत.

एका वर्षी आम्ही गेलो तेव्हा म्हातारा माळी फाटकातच आडवा आला.

"नको जाव आत, ताई. पांगारा नाय आता."

"कापला?"

"मशीन लावून मुळासकट काढला, गो. गाड्या उभ्या करायच्या हायत."

ताई अर्धा तास स्टुलावर बसल्या आणि ब्रश न उघडता परतल्या. झाड काढायचा निर्णय घेणारे तिघे आज ताईंचा हा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीत आहेत. आठवणी मोकळेपणाने लिहा, असे समितीनेच कळवले, म्हणून लिहीत आहे.

मुखपृष्ठासाठी समितीने नेमके तेच चित्र निवडले. अध्यक्षांनी मला बोलावले.

"अरे, मधे केवढं पांढरं राहिलंय! तू शिष्य ना? दोन तासांचं काम. एक झाड घालून टाक."

"कुठलं, साहेब?"

"लाल फुलांचं कुठलंही. गुलमोहर घाल. बाईंना कळणारही नाही."

बाजारातल्या बऱ्याच फलकांचे काम मला त्यांच्या शब्दावर मिळते. तरी "चित्र ताईंचं आहे. मी हात लावणार नाही," असे कसेबसे म्हणालो.

त्यांनी चित्र जरा दूर धरून पाहिले. "बरं, राहू दे. ग्रंथाचं नाव तिथंच छापू. जागा आयती आहे."

वाचकांनी मुखपृष्ठ पुन्हा पाहावे. ताईंच्या नावाचे शीर्षक सोनेरी अक्षरांत जिथे आहे, तिथे पांगारा होता.

मी ताईंच्या घरी जाऊन हे सांगितले. ताई म्हणाल्या, "रंग तर नाही ना लावला कुणी? मग झालं."

माळ्याने उचलून ठेवलेली पांगाऱ्याची एक फांदी त्यांच्या अंगणात रुजली आहे. ती जुन्या चित्रात घालणार का, असे मी विचारले. "ते झाड वेगळं होतं," त्या म्हणाल्या. नवा कॅनव्हास मी ताणून दिला आहे. ती फांदी फुलायला काही वर्षे लागतील. तितकी वर्षे, आणि चित्र पुरे होईपर्यंतची त्यापुढची सगळी, ताईंना निरोगी डोळ्यांनी आणि स्थिर हाताने मिळोत. आणि त्यांच्या अंगणात कुणाला गाडी उभी करावीशी न वाटो.